सुट्टीत दाखवू

कुवेतमधला मराठी माणूस आजार साठवतो. दाढ दुखली, गुडघा कुरकुरला, पित्त उसळलं, की त्याचं एकच वाक्य असतं: सुट्टीत दाखवू. इथल्या एरियातल्या सरकारी दवाखान्याला आम्ही मुस्तवसफ म्हणतो. तिथं आम्ही जातो ते ताप काही केल्या उतरेनासा झाला तरच. बाकी सगळं सुट्टीत, नाशकात, आपल्या डॉक्टरकडे. आपला डॉक्टर म्हणजे ज्याला आपले वडील कशानं गेले ते माहीत असतं. त्याला नुसतं 'परत तसंच होतंय' म्हटलं तरी पुरतं. इथल्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून सांगा, तेही इंग्रजीत. पोटात गुबारा धरलाय हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला आजतागायत जमलेलं नाही.

तर मी राजन. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत एका कंत्राटदार कंपनीकडून तेलाच्या टाक्या तपासतो. उभं आयुष्य त्यातच गेलं म्हणा ना. राहतो खैतानला, चौथ्या मजल्यावर, मी आणि बायको प्रभा. एप्रिलमध्ये माझ्या डाव्या डोळ्यात पहिल्यांदा ठिणगी पडली तेव्हा मी काय म्हटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

ठिणगी म्हणजे खरोखर ठिणगी. दिवा मालवून पडलो होतो, मान वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी काडी ओढल्यासारखा उजेड झाला. छान दिसलं, खोटं कशाला बोलू. मी मुद्दाम परत मान वळवून पाहिलं. मग पुढे काळे ठिपके आले. नजर जाईल तिकडे तेही निवांत तरंगत यायचे. टाकीच्या जिन्यावर उभा राहून समुद्राकडे बघायचो, तर ते पाण्यावर पोहत असायचे. मला त्यांची सवयच झाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला काहीतरी नवीन दिसतंय हेच पुष्कळ, असं मी स्वतःला समजावलं.

मग खालून काळोख चढायला लागला. नाकाच्या बाजूनं, अगदी खालच्या कोपऱ्यातून, टाकी भरत जाते तसा हळूहळू. त्या दिवशी कामावरून परत येत होतो. गाडी फारूक चालवत होता. फारूक आमच्याच कंपनीत आहे, मूळचा चिपळूणचा. बायकामुलं गावाला, स्वतः आमच्या खालच्या मजल्यावर एकटा राहतो. त्याला म्हटलं, आज धूळ फार उठलीय रे. त्यानं काचेतून वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला की आभाळ तर निळंशार आहे. मी म्हटलं, चष्मा पुसायला हवा.

तुम्ही म्हणाल, एवढा शिकलेला माणूस, त्याला कळू नये? अहो, कळत होतं. म्हणूनच तर गप्प होतो.

कारण ह्या वर्षीची सुट्टी नाशिकची नव्हती. आमची एकुलती एक जुईली हॉलंडमध्ये असते, उट्रेख्ट नावाच्या गावात. इथंच खैतानात वाढली, इंडियन स्कूलला शिकली, मग तिकडे शिकायला म्हणून गेली आणि तिथलीच झाली. नवरा आशय नागपूरचा, शांत मुलगा, वाद घालायलाही उपयोगाचा नाही. जुईलीला बाळंतपणाची मे अखेरची तारीख दिली होती. व्हिसे आले होते, तिकिटं झाली होती, प्रभाचे डिंकाचे लाडू डब्यात बसले होते. कंपनीच्या सहीशिवाय देश सोडता येत नाही, तर ते एक्झिट परमिटसुद्धा ह्या वेळी न भांडता मिळालं होतं. आणि मला जायचंच होतं. जुईली जन्मली तेव्हा प्रभा माहेरी होती आणि मी इथं. प्लांटचं शटडाउन होतं, म्हणजे सगळी यंत्रं थांबवून करायची मोठी दुरुस्ती. तशात साहेब सुट्टी देईना. पोरगी सात महिन्यांची झाली तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. ते सात महिने मला कुणी परत दिलेले नाहीत. तेव्हाच ठरवलं होतं, हिच्या लेकराच्या वेळी मी दारात उभा असेन. मग त्या दाराच्या वाटेवर एक डोळा काळा पडत असेल तर पडो. बाळाला बघून येऊ, येताना नाशिकवरून येऊ, आपल्या डॉक्टरला दाखवू. हिशेब कसा चोख होता.

प्रभापुढे मात्र कसला हिशेब चालतो! एका शुक्रवारी सकाळी तिनं पोह्यांची बशी माझ्या डाव्या हाताशी ठेवली आणि मी पेपर वाचत बसलो. बऱ्याच वेळानं विचारलं, पोह्यांचं काय झालं?  ती समोर आली, खुर्ची ओढून बसली आणि माझा उजवा डोळा तळहातानं झाकला. मग विचारलं की माझी साडी कुठल्या रंगाची आहे. मला तिचं कपाळ दिसत होतं, टिकली दिसत होती. त्याखाली सगळं काळं. मी अंदाजानं हिरवी म्हटलं. तिनं गाऊन घातला होता.

तासाभरात आम्ही हॉस्पिटलात होतो. फारूकनं गाडी कशी हाकली ते विचारू नका. डोळ्याच्या विभागात डॉक्टर रसिका म्हणून एक तरुण मुलगी होती, निघाली आमच्या सिन्नरची. मला एवढा आनंद झाला की आपण कशाला आलोय तेच विसरलो. तिनं थेंब घातले, दिवा मारला, बराच वेळ आत पाहिलं. मग चाकाचं स्टूल मागे सरकवून तिनं अगदी घरच्यासारखं झापलं. डोळ्याचा पडदा वरच्या बाजूनं सुटलाय, त्याची सावली खालून चढतेय, मधला भाग अजून कसाबसा चिकटून आहे, तोही सुटला तर डोळा कायमचा जाईल. उद्या ऑपरेशन. किती दिवसांपासून दिसतंय असं, काका? मी म्हटलं, झाले थोडे. प्रभानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला एका डोळ्यानंही व्यवस्थित दिसली.

ऑपरेशनमध्ये पडदा जागच्या जागी बसवतात आणि तो हलू नये म्हणून डोळ्यात वायू भरतात. वायूचा बुडबुडा पडद्याला आतून दाबून धरतो. मग पहिले दहाएक दिवस माणसानं पालथं पडून राहायचं, मान खाली, चेहरा जमिनीकडे. आणि बुडबुडा विरेपर्यंत, म्हणजे दीड-दोन महिने, विमानात पाऊल ठेवायचं नाही.

"काका, विमान वर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो आणि आतला वायू फुगतो," रसिका म्हणाली. "डोळा जातो. यात अधलंमधलं काही नाही."

मला काय सांगते? बंद टाकीतला वायू काय करतो ते मी आयुष्यभर बघत आलोय. बाहेर येऊन बाकावर बसलो आणि पहिल्यांदा रडू आलं. डोळ्यासाठी नाही. कंपनीनं परमिट दिलं होतं, सरकारनं व्हिसा दिला होता, आणि माझ्याच डोळ्यानं अडवलं होतं.

ऑपरेशन झालं. मनगटाला हिरवी पट्टी बांधली, ह्याच्या डोळ्यात वायू आहे, ह्याला विमानात बसवू नका अशा अर्थाची. घरी आलो आणि पालथा पडलो. प्रभा दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. थेंब घालायची, भरवायची, तेवढंच. तिसऱ्या दिवशी तिनं तिकिटाचा विषय काढला. आपण दोघंही जायचं नाही म्हणाली. एकट्या माणसाला असं पालथं टाकून मी जाऊ कशी? जुईलीला तिकडे आशय आहे, आणि तिथं म्हणे बाळंतिणीसाठी आठवडाभर रोज नर्स घरी येते, सरकारी व्यवस्थाच आहे तशी. मी म्हटलं, नर्स लाडू देणार आहे का? नर्सला जुईली आई म्हणणार आहे का?

"तुम्ही माझ्यापासून लपवलंत," प्रभा म्हणाली. "परक्या माणसापासून लपवावं तसं."

मला तिचे फक्त पाय दिसत होते. त्या पायांनाच मी सांगितलं, माझं चुकलं. पण तू जा. एका बाळंतपणाला बाप नव्हता, चाललं. आई नसली तर चालत नाही. त्यातून तू इथं बसलीस तर मी ह्या डोळ्याला कधी माफ करणार नाही. पाय बराच वेळ जागेवरून हलले नाहीत. मग स्वयंपाकघरात गेले आणि डबे वाजायला लागले, तेव्हा कळलं की जाणार आहे.

प्रश्न राहिला जुईलीला काय सांगायचं. परदेशातल्या आपल्या लोकांना हा दुसरा रोग: वाईट बातमी फोनवर सांगायची नाही. माझे वडील गेले तेव्हा मला 'जरा बरं नाही, येऊन जा' एवढंच सांगितलं होतं. नवव्या महिन्यातल्या पोरीला ताण नको, यावर आमचं दोघांचं लगेच एकमत झालं. ठरलं की बाबांना ऐन वेळी सुट्टी नाकारली, शटडाउन आहे. इतक्या वर्षांनी तेच कारण परत वापरताना जीभ अडखळली, पण दुसरं काही सुचेना. प्रभा गेली. फारूक रजा टाकून, आपली गादी घेऊन वर राहायला आला.

मग ते पालथे दिवस सुरू झाले. आजही ते आठवले की मी जागा होतो की झोपेत ते नीट सांगता येत नाही. पलंगाच्या कडेला टॉवेलांच्या गुंडाळीवर कपाळ टेकवून पडायचं. खाली फरशी. उजव्या डोळ्याला फरशी दिसायची, करड्या रंगाची, पांढऱ्या ठिपक्यांची. डाव्याला दिसायचा तो बुडबुडा, गोल, चंदेरी, जरा हललो की डुचमळणारा. दोन्ही एकावर एक. थोड्या वेळानं फरशी पाणी होऊन जायची आणि मी त्यावर तरंगत असायचो. खिडकीतून बांग यायची, इराणी रोटीच्या भट्टीचा वास यायचा, कुणीतरी खाली पार्किंगवरून मल्याळममध्ये भांडत असायचं. सगळं फार लांबून आल्यासारखं वाटायचं.

त्या पाण्यात दस्मानचा किनारा यायचा. जुईली लहान असताना शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिथं जायचो. समुद्राच्या कठड्यावरून ती चालायची आणि माझं बोट धरायची. बाबा, पाणी कुठे संपतं? इराणला संपतं, मी म्हणायचो. मग इराणच्या पुढे? पुढे अभ्यास. ती हसायची. आता पुढ्यातल्या फरशीवर ती तशीच चालत जायची, पांढऱ्या ठिपक्यांवर पाय देत, आणि माझं बोट पलंगावरून खाली लोंबत असायचं. कितीदा तरी वाटलं की आता धरेल.

एकदा स्वप्नात टाकी आली. मी जिना चढून वर गेलो, झाकण उघडलं आणि आतली पातळी मोजायला टेप सोडली, रोजचंच काम. टेप जातेय, जातेय, तळ लागतच नाही. वाकून पाहिलं तर आत तेल नव्हतं, दुधासारखं पांढरं पाणी होतं आणि त्यावर एक पलंग तरंगत होता. हॉलंडात बाळंतपण घरीच करतात आणि सुईणीची कंबर वाकू नये म्हणून पलंगाच्या पायांखाली ठोकळे देऊन तो उंच करतात, हे प्रभानं फोनवर सांगितलं होतं. तोच तो उंच पलंग. त्यावर जुईली पाठमोरी झोपली होती. मी हाक मारत होतो आणि टाकीत आवाज घुमत होता, पण ती वळत नव्हती. फारूकनं हलवून उठवलं, थेंबांची वेळ झाली होती. त्याच्या बोटांना सुक्या बोंबलाचा वास होता. मला त्या वासानं इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही.

प्रभा पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी जुईलीचा फोन आला. ती व्हिडिओ लावायला सांगत होती. मी म्हटलं, नेट बरोबर नाही. मग म्हणाली, आईचा चेहरा उतरलाय, काय झालंय? मी म्हटलं, प्रवासाचा शीण, दुसरं काय. 

"बाबा, शटडाउन? अगेन?"

"हो गं. ऐन वेळी आलं."

"मी जन्मले तेव्हाही शटडाउनच होतं ना. आई सांगते नेहमी." आवाज अगदी साधा होता तिचा. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "इट्स फाइन. तुम्ही काम करा."

फोन ठेवला तिनं. मी तसाच पडून राहिलो. फरशीवरून आता कुणी चालत नव्हतं. काळीज तुटतं म्हणतात ते काय असतं ते त्या दुपारी मला कळलं. जे पहिल्या वेळी खरं होतं ते तिनं इतकी वर्षं पोटात घालून ठेवलं होतं. आणि आता जे खोटं होतं, त्यासाठी ती मला कायमची मनातून उतरवणार होती. तिच्याच भल्यासाठी बोललेलं खोटं! धड सांगता येईना, धड गिळता येईना.

मग डोक्यात भलतंच यायला लागलं. रात्रीची फ्लाइट घेतली तर सकाळी तिथं. पट्टी कापून टाकली तर विमानतळावर कुणाला कळणार आहे? डोळा फुगेल तर फुगेल, दुसरा आहे की. मी फारूकला सहज विचारल्यासारखं विचारलं, कात्री कुठे आहे रे? तो ओट्याशी मासे साफ करत होता. हात न थांबवता म्हणाला, "तुमच्या घरात आता कात्री नाय. सुरी पण मी खालून आणून वापरतो." प्रभा जाताना त्याला सगळं बजावून गेली होती. माझ्या मनात काय येईल ते माझ्या आधी तिला सुचलं होतं. मी उशीत तोंड खुपसून शिव्या घातल्या, पहिल्यांदा त्याला, मग तिला, मग उरलेल्या सगळ्या मलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रभाचा फोन आला. कुजबुजत बोलत होती. तारखेच्या आधीच जुईलीला कळा सुरू झाल्या होत्या. सुईण सायकलवरून आली होती, पाठीवर पिशवी अडकवून, आणि प्रभाला ते अजून पचलं नव्हतं. सगळं ठीक होतं म्हणे, पण पोरगी तोंडातून शब्द काढत नव्हती. कळ आली की दात आवळायची आणि भिंतीकडे बघायची. सुईण सांगत होती की मोकळी हो, श्वास सोड, तर ही आतल्या आत घट्ट धरून बसलेली. प्रभाला माहीत होतं ती काय धरून बसलीय ते.

"आता तरी सांगू का हो तिला?" प्रभानं विचारलं.

मी म्हटलं, तू नको. मीच सांगतो. व्हिडिओ लाव.

फारूकनं फोन फरशीवर ठेवला, बरोबर माझ्या तोंडाखाली, आणि आपण दाराबाहेर जाऊन बसला. तिकडे आशयनं फोन जुईलीच्या उशाशी धरला होता, मला फक्त तिचा चेहरा दिसत होता. केस कपाळाला चिकटलेले. तिनं बघितलंच नाही. मान फिरवून म्हणाली, नको, आई, त्यांना काम असेल. मी म्हटलं, जुई, बघ तरी माझ्याकडे. एकदा बघ.

तिनं बघितलं. तिला काय दिसलं असेल? वरून तिच्यावर ओणवलेलं बापाचं तोंड, सुजलेलं, गाल खाली लोंबलेले, एका डोळ्यावर पारदर्शक प्लास्टिकचं झाकण, मागे छत.

"बाबा? तुम्ही असे का... डोळ्याला काय झालं?"

"शटडाउन नाहीये, जुई. मी खोटं बोललो. डोळ्याचं ऑपरेशन झालंय. पालथा पडून आहे. विमानात बसू देत नाहीत, नाहीतर मी तिथंच असतो. दारात उभा असतो."

 आणि नेमकी तेव्हाच कळ आली. ह्या वेळी तिनं दात आवळले नाहीत. ती ओरडली, मोठ्यानं, लहानपणी पडली की ओरडायची तशी. सुईण काहीतरी म्हणाली, प्रभा म्हणाली, सोड, बाळा, सोड. मीही इथं फरशीवर श्वास सोडत होतो. तेवढंच हातात होतं माझ्या. कळ ओसरली तशी ती रडायला लागली आणि रडता रडता माझ्यावर बरसली. आय ॲम सो अँग्री विथ यू, बाबा. किती दिवसांपासून? मला का नाही सांगितलं? मी काय लहान आहे? मी म्हटलं, रागव. सगळं बोल. हवं तेवढं रागव.

"फोन ठेवू नका. कुठेही जाऊ नका."

"जातो कुठे? मला उठायची परवानगी नाही."

ती हसली. रडण्यातच हसली, नाक ओढत. मग पुढची कळ. मग परत श्वास. किती वेळ गेला मला माहीत नाही. ऊन फरशीवरून सरकत भिंतीपाशी गेलं. बुडबुड्यात तिचा चेहरा मधेच चंदेरी होऊन विरघळायचा, आणि मग मला ती कधी कठड्यावरून चालणारी दिसायची, कधी आत्ताची. दोन्ही वेळा ती माझ्याकडेच बघत होती. मी काहीबाही बोलत राहिलो. फारूकनं काय शिजवलं ते सांगितलं, रसिकानं कसं झापलं ते सांगितलं. एका कळेच्या नंतर ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, झोपली. तर तिनं डोळे उघडले, माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, तो पंखा किती घाण झालाय. शी."

दाराबाहेर फारूक उठला तो सरळ शिडी शोधायला गेला. त्याला हाक मारून परत बसवला.

आणि मग एकदम गडबड झाली. फोन हलला, छत दिसलं, आशयचा कान दिसला. प्रभाचा आवाज चढला. सुईण आपल्या भाषेत काहीतरी परत परत म्हणत होती, आणि त्यावर जुईलीचा एक लांबलचक आवाज आला, जो मी याआधी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग क्षणभर काहीच नाही.  मग रडणं ऐकू आलं. बारीक, चिरका, रागीट आवाज. आमच्याच घरातला, ओळखू येण्यासारखा.

मुलगी झाली, प्रभा म्हणत होती. मुलगी झाली हो, ऐकलंत का? ऐकलं, मी म्हटलं.

पालथ्या माणसाचे अश्रू गालावरून ओघळत नाहीत. सरळ खाली पडतात. एक फोनच्या काचेवर पडला, मग दुसरा, मग मोजायचं सोडलं. काचेवर सगळं फुगून वाकडंतिकडं दिसायला लागलं. पुसायला हात नेला आणि तसाच मागे घेतला. बोट भलत्या ठिकाणी लागून फोन बंद पडला असता तर? मी दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे, आणि बघत राहिलो.

आशयनं फोन खाली नेला. जुईलीच्या छातीवर, पांढऱ्या टॉवेलात, मूठभर जीव. केस ओले, कान चिकटलेले, नाक सगळं प्रभाच्या घराण्याचं. रडं थांबलं होतं. जुईलीनं तिचं डोकं बोटांनी जरासं माझ्याकडे वळवलं.

"बाबा," ती म्हणाली, "बघतेय ती."

मी थेंबांमधून वाट काढत पाहिलं. नातीनं डोळा उघडला होता. एकच, उजवा. डावा घट्ट मिटलेला, काही केल्या उघडायचा नाही असं ठरवून बसलेला. त्या एका डोळ्यानं ती माझ्याकडे टक लावून बघत होती. माझाही तेवढाच चालू होता.